हजेरीपटावर नसलेली जिजा



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तू आयटीत आहेस, कृत्रिम बुद्धिमत्तेवर दहा-पंधरा मिनिटं बोल." त्यावर तुमची मुलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगतील. मी या मेळाव्यासाठी जे काम केलं त्यातून निघालेली गोष्ट सांगते. आपल्या सगळ्यांचा ठावठिकाणा लावायचा ऑनलाइन फॉर्म मी केला होता. त्यात तुमचं नाव, लग्नाआधीचं नाव, आईचं, आजीचं आणि मुलाबाळांची नावं असे रकाने होते. "आजीचं नाव कशाला पाहिजे?" असं ग्रुपवर बऱ्याच जणांनी विचारलं. त्याचं उत्तर आज देते.

मुलगे आठवडाभरात सापडले. मुली शोधायला दोन महिने लागले. आडनाव बदललेलं असतंच, पण काहींचं पहिलं नावही बदललेलं. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं, की हजेरीपटावरची मुलगी गेलीच म्हणून समजा. एक मैत्रीण तर शेवटी तिच्या भावाच्या दुकानाच्या पाटीवरून सापडली. ती आज इथे पुढच्या रांगेत बसून हसते आहे.

तर ते रकाने मी शेजारी शेजारी लावून पाहिले. आज्यांच्या रकान्यात पार्वती, सरस्वती, गोदावरी, चंद्रभागा, अनसूया आणि जिजाबाई. आयांच्या रकान्यात शोभा, मंगला, उषा, कुसुम, पण तिथेही जिजाबाई अधूनमधून डोकावतेच. मग आपण सगळ्या: संगीता, सुनीता, वैशाली, अर्चना, मनीषा. आणि आपल्या मुली: अनन्या, आर्या, सान्वी, श्रेया. आपल्या रकान्यात जिजा एकही नाही, आपल्या मुलींमध्येही नाही. हे मला नवलाचं वाटलं, कारण आपण सिंदखेडराजाच्या जिल्ह्यातले लोक. "हॅलो"च्या ऐवजी "जय जिजाऊ" म्हणून फोन उचलणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. १२ जानेवारीला सिंदखेडराजाच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. नाव तोंडात एवढं आहे, आणि पाळण्यात नाही.

पुरुषांच्या नावांचं असं झालेलं नाही. २३ फेब्रुवारी १८७८ ला शेगावात महाराज प्रगट झाले आणि तेव्हापासून आपल्या भागात गजाननांना तोटा नाही. आपल्या वर्गात सर "गजानन" म्हणून हाक मारायचे तेव्हा एकाच वेळी किती जण उभे राहायचे ते आठवा. मी पुढे शेगावलाच इंजिनिअरिंग केलं, म्हणजे कॉलेजही त्याच नावाचं, आणि तिथे तर गजानन आडनावानंच ओळखावे लागत. शिवाजी, संभाजी, शहाजी, तानाजी ही नावं आपल्या काकामामांमध्ये भरपूर आहेत. शिवाजी नावाच्या मुलाला गुरुजींनी कान धरून बाकावर उभं केलं तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही. जिजाचं मात्र वेगळं झालं.

आधी नावाकडे पाहू. जिजाऊ हे जिजा आणि आऊ असं जोडनाव आहे. आऊ म्हणजे आई. आऊसाहेब म्हणतो तीच आऊ. म्हणजे मूळ नाव जिजा. बाई लागलं की जिजाबाई, आई लागलं की जिजाई किंवा जिजाऊ. बाळांच्या नावांच्या पुस्तकांत जिजा म्हणजे 'विजयी' असं छापलेलं सापडतं. मला ते पटत नाही. प्रत्येक नावाला संस्कृतातला भारदस्त अर्थ पाहिजेच, या हौसेपोटी असे अर्थ चिकटवतात. काही घरांत मोठ्या बहिणीला, आजीला जिजी म्हणतात. मला जिजा हे त्या घरगुती हाकेच्या जवळचं वाटतं. अक्का, ताई, माई ही जशी हाकही आहे आणि कित्येक जणींचं नावही, तसंच हे.

आणि हे नाव एकट्या राजमातेचं कधीच नव्हतं. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या घरी १५९८ मध्ये तिचा जन्म झाला. त्याच काळात देहूला तुकाराम महाराजांच्या घरात दुसरी जिजाबाई होती, त्यांची पत्नी. तिला आपण आवली म्हणून ओळखतो. पुढे कोल्हापूरच्या गादीवरच्या संभाजी महाराजांची राणीही जिजाबाई. १७६० मध्ये ते वारले, त्यानंतर १७७३ पर्यंत कोल्हापूरचा कारभार तिनं पाहिला, आणि आज तिचं नाव कोल्हापूरबाहेर फारसं कुणी घेत नाही. म्हणजे जहागीरदाराची लेक, देहूच्या वाण्याघरची सून आणि कोल्हापूरची राणी, तिघींना हे नाव चालत होतं. त्यातल्या एकीचं नाव टोपणनावानं झाकलं गेलं आणि एकीचं पदवीनं.

मग ते मागे का पडलं? एक कारण 'बाई'. आपल्या आज्यांच्या वेळी नावापुढचं बाई हा मान होता. नंतर शहरात बाई म्हणजे धुणंभांडी करणारी असा अर्थ चिकटला. शाळेतही तेच. समोर बसलेल्या तुम्ही सगळ्या आमच्या बाई आहात, पण आता शाळेत विचारलं तर पोरं मॅडमच म्हणतात. (मला स्वतःला बाईच गोड वाटतं, ते असो.) बाई गेल्यावर पार्वतीबाईची पार्वती उरली, गोदावरीबाईची गोदावरी उरली. जिजा नुसतं उच्चारायची कुणाला सवयच राहिली नव्हती.

दुसरं कारण मला मोठं वाटतं. नाव पाटीवर चढलं. मुंबईतली राणीची बाग, मूळची व्हिक्टोरिया गार्डन्स, आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. आपल्यातले जे मुंबईला इंजिनिअरिंगला गेले त्यांना व्हीजेटीआय माहीत आहे. १८८७ ची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९९७ मध्ये वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट झाली. नाव असं शोधलं की इंग्रजी आद्याक्षरं जशीच्या तशी राहिली. प्रोग्रॅमर म्हणून मी या युक्तीला दाद देते: आतला सगळा माल बदलला आणि बाहेरच्या कुणाला काही बदलावं लागलं नाही. पण परिणाम असा की तिथली पोरं अजूनही व्हीजेटीआयच म्हणतात, आणि जिजाबाई त्या 'जे'मध्ये बसून आहे. बुलढाण्याला जिजामाता महाविद्यालय आहेच. ज्या नावाला रोज हार घालतो, ते नाव आपण मुलीला ठेवत नाही.

हे मला नुसतं यादीतून कळलं नाही. माझ्या भावाला गेल्या वर्षी मुलगी झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा. मी जिजा सुचवलं आणि घरात तीन दिवस दुसरा विषय नव्हता.

आई म्हणाली, "काहून वं, एवढ्याशा लेकराले म्हातारीचं नाव?" भावाची अडचण वेगळी. तो कामानिमित्त मध्य प्रदेशात फिरतो. "ताई, बऱ्हाणपूर ओलांडलं की जिजा म्हणजे बहिणीचा नवरा. पोरीला शाळेत सगळे दाजी म्हणून चिडवतील." हे खरंच आहे, हिंदीत जीजा म्हणजे भावोजीच. माझ्याकडे त्याला एवढंच उत्तर होतं की ती शिकणार बुलढाण्यात. खरी अडचण वहिनीची निघाली. ती फार हळू बोलली, पण नेमकं बोलली: "ताई, त्या नावाची मुलगी रडली, पडली, खोटं बोलली, तर मी तिला रागावू कशी? जिजे, गप्प बस, असं माझ्या तोंडून निघणार नाही."

मला एकदम आमचं डब्लिनचं ऑफिस आठवलं. आम्ही आयर्लंडच्या लोकांबरोबर काम करतो. तिथे नीव्ह नावाच्या दोघी आहेत. स्पेलिंग एन, आय, ए, एम, एच आणि उच्चार नीव्ह, त्यामुळे पहिले काही महिने पुण्याच्या टीमनं त्यांना 'नियाम' केलं होतं. नावाचा अर्थ तेज. त्यांच्या जुन्या कथेत समुद्रदेवाची मुलगी नीव्ह घोड्यावर येते आणि एका वीराला चिरतारुण्याच्या देशात घेऊन जाते. इंग्रजी अमदानीत अशी आयरिश नावं कागदोपत्री मागे पडली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भाषेची चळवळ उभी राहिली, आणि विसाव्या शतकात ही नावं परत पाळण्यात आली. त्यांच्याचकडून मला दुसरी गोष्ट कळली. आयरिशमध्ये येशूच्या आईचं नाव मुइरा. हे रूप फक्त तिच्यासाठी राखलेलं. जुन्या काळी मुलींना ते नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. फार तर 'मेरीचा सेवक' अशा अर्थाचं जोडनाव ठेवत. नंतर लोकांनी वाट काढली. मुइरा देवीच्या जागी राहिली आणि घरातल्या मुलींना त्याच नावाचं दुसरं रूप मिळालं, मॉइरा. तीही पुढे तिथल्या घराघरांत दिसू लागली.

वहिनीला मी हेच सांगितलं. जिजाऊ राहू दे सिंदखेडराजाच्या राजवाड्यात आणि पाचाडच्या समाधीजवळ. आऊ ती नंतर झाली. लखुजीरावांच्या वाड्यात खेळणाऱ्या चार वर्षांच्या मुलीला कुणी आऊसाहेब म्हणत नसणार. म्हाळसाबाईंनी आपल्या लेकीला एखादा धपाटाही घातला असेल. ते मुलीचं नाव तेवढं आपण घेऊ. आपण आठवीत सहलीला गेलो होतो तेव्हा त्या वाड्याच्या दरवाज्यात उभं राहून सरांनी आपल्याला पानभर इतिहास सांगितला. तिथे एक लहान मुलगी राहत होती हे मात्र मला तेव्हा सुचलं नव्हतं.

वहिनी म्हणाली, विचार करते. आणि एक प्रश्न विचारला, जो मला इंजिनिअर असून सुचला नव्हता: "दाखल्यावर कसं दिसेल?" १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आता आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव येतं. तीन रकान्यांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चौथा बसवताना काय होतं ते माझ्यासारख्यांना विचारा! पण वहिनीच्या डोक्यात सॉफ्टवेअर नव्हतं. तिनं कागदावर लिहून पाहिलं, जिजा आणि त्याच्या शेजारी तिचं स्वतःचं नाव. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "ठेवू. पण अट एकच. घरात परी, चिऊ, पिल्लू काही नाही. हाक मारायची ती याच नावानं."

बारशाला मी कानात तेच नाव सांगितलं. आता ती रांगते. परवा तिनं देव्हाऱ्यातली समई ओढली, तर सगळ्यात आधी ओरडली ती माझी आई, "जिजे, हात काढ तिथून!"

आपल्या जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे लहान मुलींचा आकडा २०११ च्या जनगणनेत नऊशेच्याही खाली होता. तो आकडा मी या भाषणात घालू की नको असा विचार करत होते, पण जिजाऊंच्या जिल्ह्यात नावांवर बोलायचं आणि तो वगळायचा, हे बरोबर दिसलं नसतं. नाव ठेवायला मुलगी जन्माला तर यावी लागते.

शेवटी कामाचं. फॉर्म मी अजून बंद केलेला नाही. सत्तावीस जणांनी आजीचा रकाना रिकामा सोडला आहे, त्यात बहुतेकांनी कारण लिहिलं की आजीला सगळे 'आजी' किंवा 'म्हातारी'च म्हणायचे, नाव विचारलंच नाही. घरी गेल्यावर कुणातरी मोठ्या माणसाला विचारा. गावी जुना सातबारा असेल तर तोही पाहा, कधी कधी तिथे असतं. जिजाबाई निघाली तर मला ग्रुपवर न टाकता वेगळा मेसेज करा, म्हणजे शुभेच्छांच्या फुलांखाली तो हरवणार नाही.