निसरड्या वाटेचा निरोप

नॉर्वेच्या उत्तर भागांत समुद्राच्या खाडीकांठीं शिबोटन नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथून ई-८ हा हमरस्ता डोंगर चढून फिनलंडमधील किल्पिसयार्वीकडे जातो. किनाऱ्यावरची मासळी घेऊन अवजड मालमोटारी याच वाटेनें सरहद्द ओलांडतात. ऐन हिवाळ्यांत तेथें कित्येक आठवडे सूर्य क्षितिजावर येत नाहीं; आणि डांबरावर गोठलेला पाण्याचा पातळ, पारदर्शक थर तर दिव्याच्या उजेडांतही चटकन् ओळखूं येत नाहीं.

हा थर किती घातक असतो, हें साध्या हिशोबानें कळेल. तासाला ८० किलोमीटर वेगानें धांवणारी मोटार कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यापासून सुमारें ३० मीटरांत थांबूं शकते. तीच मोटार गुळगुळीत बर्फावर सुमारें २५० मीटर घसरत जाते. घाटांतील पुढचें वळण इतकें दूर क्वचितच असतें. म्हणून बर्फ दिसण्यापूर्वींच त्याची वार्ता मिळणें, यावर कित्येकदां चालकाचे प्राण अवलंबून असतात.

ही वार्ता आणणार कोण? रस्त्याच्या कडेला हवामानयंत्रें उभीं असतात. परंतु तीं आपल्या जागेपुरतेंच सांगतात. दोन यंत्रांमधील सावलींतलें वळण किंवा पुलावरील गारठा त्यांना कळत नाहीं. तो कळतो वरून गेलेल्या चाकांना. आधुनिक मोटारींत प्रत्येक चाकाची गति मोजणारें साधन मुळांतच बसविलेलें असतें. चाकाची गति गाडीच्या वेगाशीं जुळेनाशी झाली, कीं तेथें पकड सुटली हें तें ताडतें; आणि उपग्रहांच्या साहाय्यानें त्या स्थळाची नोंद होते. या दोन गोष्टी मिळाल्या, कीं निरोप तयार झाला.

स्वीडनमधील व्होल्वो मोटार कंपनीनें स्वीडन व नॉर्वे येथील रस्तेखात्यांच्या सहकार्यानें असे निरोप एकत्र करण्याचा प्रयोग ५० मोटारींवर केला. २०१६ सालीं ही सोय त्या दोन देशांत सुरू झाली, आणि २०१९ पासून युरोपांत इतरत्र पसरली. एक मोटार घसरली, कीं तिचा निरोप भ्रमणध्वनीच्या जाळ्यांतून मध्यवर्ती गणकयंत्राकडे जातो, व मागून येणाऱ्या चालकापुढें इशारा उमटतो. अर्थात् एकाच कंपनीच्या मोटारींनीं आपसांत बोलून भागत नाहीं. युरोपीय आयोगानें २०१३ च्या नियमांत, सर्वांना शक्यतों विनामूल्य मिळावयाच्या वार्तांमध्यें निसरड्या रस्त्याचा समावेश केला, तो याच जाणिवेनें.

परंतु दुर्गम डोंगरांत हें जाळेंच तुटक असतें. तेथें वाहनांनीं परस्परांशीं थेट बोलावें, हा दुसरा मार्ग. त्यासाठीं युरोपांत ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरी राखून ठेवल्या आहेत. त्यांचा पल्ला कांहींशें मीटरांचाच. पण समोरून येणारें वाहन म्हणजे आपल्याला पुढें लागणाऱ्या रस्त्यावरून नुकताच आलेला वाटसरू होय! दोन्ही वाहनें ८० च्या वेगानें आलीं आणि पल्ला ३०० मीटर असला, तरी मोकळ्या रस्त्यावर तीं तेरा-चौदा सेकंद एकमेकांच्या टप्प्यांत राहतात. लहानशा निरोपाला एक क्षणही पुरतो. खिंडींत भेटलेले प्रवासी एकमेकांना वाटेचें कुशल विचारीत, तीच ही रीत. वाहनें आणि रस्ता यांच्यामधील अशा संभाषणाच्या चांचणीसाठीं फिनलंडनें याच ई-८ रस्त्यावर मुओनिओजवळ १० किलोमीटरांचा पट्टा सज्ज केला.

तथापि या निरोपांना मर्यादा आहेत. खिळ्यांचे टायर लावलेली मोटार जेथून सुखरूप गेली, तेथें साधे टायर असलेली घसरेल. ही वार्ता शिळीही लवकर होते; मीठ पडलें, कीं सकाळचा इशारा खोटा, आणि पुन्हां गारठलें, कीं दुपारचा दिलासा खोटा. शिवाय जपून हांकणाऱ्याचें चाक बहुधा घसरतच नाहीं, म्हणून त्याची मोटार कांहींच सांगत नाहीं. आणि निर्जन रस्त्यावर तर सांगणारेंच कोणी नसतें. जेथें वार्तेची गरज सर्वांत अधिक, तेथेंच ती देणारे सर्वांत थोडे!

यास्तव यंत्र बोललें तर चालकानें अवश्य ऐकावें. पण तें गप्प असलें, म्हणजे रस्ता कोरडा आहे असें मात्र समजूं नये. त्या मौनाचा अर्थ इतकाच, कीं अद्याप कोणी कांहीं सांगितलेलें नाहीं. अशा वेळीं सावकाश जाणारा चालक स्वतःला तर सांभाळतोच. पण मागून येणाऱ्यासाठीं त्या वाटेचा पहिला निरोप्याही तोच होऊं शकतो.