अणुशक्तीची राख कोणी सांभाळावी?

(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त शिक्षक; विज्ञानाचा पंडित नव्हे. तथापि जो प्रश्न आपल्या नातवंडा-पणतवंडांच्या पदरी पडणार आहे, तो केवळ शास्त्रज्ञांवर सोपवून आपण स्वस्थ बसावे, हे मला उचित वाटत नाही.

चूल पेटवली म्हणजे राख उरतेच; अणुभट्टीचेही तसेच आहे. पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे १९६९ साली देशातील पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले. या विजेला धूर नाही, आणि थोडक्या इंधनात ती विपुल मिळते, हे गुण नाकारण्याचे कारण नाही. परंतु भट्टीतून बाहेर निघालेले इंधन अत्यंत किरणोत्सारी असते. त्यातील युरेनियम व प्लुटोनियम पुन्हा उपयोगासाठी वेगळे काढावे आणि उरलेला तीव्र द्राव काचेत गोठवावा, असे आपल्या देशाचे धोरण आहे. त्याने कचऱ्याचे आकारमान घटते. कचरा नाहीसा होत नाही.

भट्टीत तयार होणारे प्लुटोनियम-२३९ निम्मे होण्यास सुमारे २४,००० वर्षे लागतात. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी दोन हजार वर्षांहून थोडीच अधिक जुनी आहेत. मग ‘येथे खणू नका’ ही सूचना कोणत्या लिपीत कोरावी? अशोकाचे ब्राह्मी लेख १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने उलगडेपर्यंत आपल्याच भूमीत मुके उभे होते. फार कशाला, पणजोबांचा मोडी कागद वाचणारे माणूस आज आपल्या किती घरांत सापडेल?

म्हणून पाटीवर व पहारेकऱ्यावर न विसंबता खडकावर विसंबावे, असा मार्ग फिनलंडने धरला. आपला अणुकचरा आपल्याच देशात ठेवावा, असा कायदा त्यांनी १९९४ साली केला. ओल्किलुओटो बेटावर चारशे मीटरांहून अधिक खोल, पुरातन खडकात, ‘ओन्कालो’ नावाचे भुयार खोदले. तांब्याच्या जाड कवचाचे डबे, त्यांभोवती बेंटोनाइट चिकणमाती, अशी ही योजना आहे. खर्चाची तरतूद वीजकंपन्यांकडून आधीच घेतली जाते. मुख्य म्हणजे, तेथील युराजोकी नगरपालिकेला नकार देण्याचा अधिकार होता. तिने २००० साली संमती दिली आणि २००१ साली संसदेने निर्णय मान्य केला.

याउलट अमेरिकेत १९८२ साली कायदा झाला. १९९८ पासून सरकारने वापरलेले इंधन ताब्यात घ्यावयाचे ठरले. वीजग्राहकांकडून निधीही जमला. पण १९८७ साली नेवाडा राज्यातील यक्का पर्वत ही एकच जागा त्या राज्याच्या विरोधाला न जुमानता नेमली गेली, आणि पुढे ते काम बंद पडले. पैसा होता, विद्या होती, संमती नव्हती.

रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूर येथे मोठा अणुवीजप्रकल्प योजलेला आहे. अशा प्रसंगी आंधळा विरोध नको, तसाच आंधळा होकारही नको. कचरा अखेरीस कोठे राहणार, खर्च कोण देणार आणि तेथील लोकांना विचारले काय, हे तीन प्रश्न आपण नम्रपणे, पण निश्चयाने विचारावेत. वडिलांचे ऋण फेडणे हा मुलाचा धर्म खरा; परंतु ज्या वारसाला कर्जाचा कागदही वाचता येणार नाही, त्याच्या माथी ते ठेवून जाणे हा वडिलांचा धर्म नव्हे. दिव्याचा उजेड आपण घेतला, तर त्याच्या राखेची सोयही आपल्याच हयातीत लागली पाहिजे.