अन्नविषबाधा आणि आपली पंगत
(भोकर येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



पंगतीवाचून आपले एकही कार्य पार पडत नाही. म्हणूनच अन्नविषबाधेविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे. आपल्याच जिल्ह्यात, लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे ६ फेब्रुवारी २०२४ रोजी सायंकाळी महाप्रसाद झाला आणि पहाटेपासून लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. बाधितांची संख्या सुमारे २००० झाली. त्याच महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील सोमठाणा येथे भगर-आमटीच्या प्रसादाने शेकडो भाविक आजारी पडले. त्यांना उघड्यावर दोरीला बाटल्या टांगून सलाईन लावावे लागले.

शरीरात घडते ते असे. जंतूंचे विष अन्नात आधीच तयार झालेले असेल, तर एक ते सहा तासांत मळमळ व उलट्या होतात. यांपैकी काही विषे अन्न पुन्हा उकळल्यानेही जात नाहीत. जंतू आतड्यात जाऊन वाढणारे असतील, तर सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत केव्हाही पोटात कळा, जुलाब व ताप येतो. उलटी-जुलाब ही विष बाहेर टाकण्याची शरीराची धडपड होय. परंतु त्यांबरोबर पाणी आणि क्षारही निघून जातात व खरा घात तेथेच होतो. जीभ कोरडी पडते, डोळे खोल जातात, लघवी कमी होते, ग्लानी येते. लहान मुले व वृद्ध यांना हा धोका अधिक.

यावरील उपाय साधा आहे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजावे. साखरेच्या साहाय्याने आतडे मीठ व पाणी शोषून घेते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच पाण्याने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. शौचातून रक्त पडल्यास, ताप चढल्यास, लघवी बंद झाल्यास किंवा पाणीही पोटात ठरत नसल्यास मात्र १०८ क्रमांकावर कळवून तत्काळ दवाखाना गाठावा.

शेवटी एक स्पष्ट बोलतो. यजमानाच्या नावाला बट्टा लागेल म्हणून पंगतीनंतरचे आजार आपल्याकडे झाकले जातात. अब्रू राखण्याच्या या खटाटोपात उपचाराची वेळ निघून जाते. आजार सांगणे म्हणजे यजमानाची निंदा नव्हे. शिजलेले अन्न दोन तासांत वाढावे, भगर जुनी वा दमट घेऊ नये, आणि दोघे-चौघे आजारी पडताच आरोग्य केंद्रास कळवावे, एवढा निर्धार प्रत्येक कुटुंबाने करावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.