सैनिकाच्या मुलांनी शिकायचं कुठं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



माझे यजमान लष्करात सुभेदार आहेत. सैनिकाच्या घरी पत्र्याची काळी ट्रंक असते, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव लिहिलेलं असतं. बदलीचा हुकूम आला की ती ट्रंक पलंगाखालून बाहेर निघते. आमच्या मुलीला अक्षरओळख झाली ती या ट्रंकेवरचं नाव वाचूनच. पाचवीत जाईपर्यंत तिच्या तीन शाळा झाल्या होत्या. पहिली जबलपूरला, मग अंबाल्याला आणि तिसरी बेळगावला.

आमच्या सासूबाईंच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. मुलं गावी आजीजवळ राहायची आणि वडील वर्षातून एकदा रजेवर यायचे. सातारा जिल्ह्यात अपशिंग्यासारखी गावं आहेत, जिथं पिढ्यान्‌पिढ्या घरटी कुणीतरी फौजेत असतं. तिथं असंच चालत आलं. पुढं छावणीतल्या क्वार्टरमध्ये बायकामुलं राहू लागली आणि त्यांच्याबरोबर शाळेचा प्रश्नही फिरू लागला.

सरकारनं त्यावर एक चांगला उपाय काढला. 1963 साली पलटणींच्या वीस शाळा ताब्यात घेऊन ‘सेंट्रल स्कूल’ सुरू झाली. तीच आजची केंद्रीय विद्यालयं. देशभर आता त्यांची संख्या बाराशेच्या वर आहे. सगळीकडे अभ्यासक्रम एकच असतो. वडिलांची बदली झाली तर एका केंद्रीय विद्यालयातून दुसऱ्यात प्रवेश मिळतो. जबलपूरला अर्धवट राहिलेला धडा अंबाल्याला पुढं सुरू होतो. 1983 साली स्थापन झालेल्या लष्कराच्या शिक्षण संस्थेच्या आर्मी पब्लिक स्कूलही आहेत. तेव्हा आमच्या मुलांची सोयच नाही, असं मी म्हणणार नाही.

पण पुस्तक तेच असलं तरी शेजारच्या बाकावरची मैत्रीण तीच नसते. बेळगावच्या शाळेत पहिला महिना झाल्यावर मी लेकीला सहज विचारलं, ‘‘तुझ्या शेजारी कोण बसतं गं?’’ ती म्हणाली, ‘‘नाव नाही विचारलं. विचारून काय करू आई, आपण जाणारच की.’’ नऊ वर्षांची पोर हे बोलली आणि मला पोळी लाटता येईना.

2016 च्या डिसेंबरमध्ये यजमानांना फील्डची नेमणूक आली. तिथं कुटुंब नेता येत नाही. मी मुलीला घेऊन गावी, सासरी आले. दोन वर्षांनी पुन्हा कुठंतरी जायचंच होतं. मग आणखी एक शाळा कशाला? मी बी.एड. झालेली आहे. ठरवलं, हिला घरीच शिकवायचं.

घरी शिकवण्याची सोयही आपल्याकडे आहे. 1989 साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या परीक्षा घेते. दहावी-बारावीच्या परीक्षाही तिच्यामार्फत देता येतात. आजारी मुलांना, खेळाडूंना, शाळा सुटलेल्यांना तिचा मोठा आधार आहे. फक्त एक गोष्ट जाणून घ्यावी. केंद्रीय विद्यालयाच्या रांगेतून एकदा बाहेर पडलं, की परत शिरताना जागा शिल्लक असावी लागते. नववीसाठी तर प्रवेशपरीक्षाही असते.

पहिले तीन महिने फार छान गेले, हे प्रामाणिकपणे सांगते. हिंदी-इंग्रजीत वाढलेली माझी मुलगी मराठी वाचायला शिकली. आजीबरोबर बसून ती वर्तमानपत्राचे मथळे वाचायची. अपूर्णांक तिला कधी समजलेच नव्हते, कारण तो धडा नेमका एका बदलीत बुडाला होता. ते आम्ही भाकरीचे तुकडे करून शिकलो. मला वाटलं, उगाच इतकी वर्षं शाळांच्या पायऱ्या झिजवल्या.

मग एकदा यजमानांचा फोन चार दिवस आला नाही. सीमेवर कधी रेंज नसते, कधी हवा खराब असते, हे आम्हाला माहीत असतं. तरी मन ऐकत नाही. चौथ्या दिवशी मी तिला इतिहास शिकवत होते. एकच ओळ मी तीनदा वाचली असावी. लेकीनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, ‘‘आई, आज राहू दे. तुझं लक्ष फोनकडे आहे. माझंपण.’’

संध्याकाळी फोन आला. सगळं ठीक होतं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. इतर घरांत घर म्हणजे विसाव्याची जागा असते. सैनिकाच्या घरात, वडील फील्डला असताना, घर म्हणजे वाट पाहण्याची जागा असते. आजी वाट पाहते, आई वाट पाहते, भिंतीवरचा फोटोसुद्धा वाट पाहत असल्यासारखा वाटतो. त्याच घरात मी मुलीला चोवीस तास ठेवलं होतं. तिला रोज पाच-सहा तास अशी एक जागा हवी होती, जिथं कुणी फोनकडे बघत नाही.

आठवड्याभरात मी तिला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घेऊन गेले. वर्षाचा मध्य होता, पण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला त्या कारणावरून नाकारता येत नाही, आणि वयाला साजेशा वर्गात बसवावं लागतं. गुरुजींनी तिला वर्गात नेलं आणि मुलांना सहज विचारलं, ‘‘कुणाकुणाचे वडील फौजेत आहेत रे?’’ सात हात वर झाले. आमची लेक बघतच राहिली. त्या संध्याकाळी तिनं मला सातही जणांची नावं सांगितली.

दीड वर्षानं आम्ही पुन्हा ट्रंक भरली. पुढच्या शाळेच्या प्रवेशासाठी तीन खेटे घालावे लागले, त्याचं मला वाईट वाटलं नाही.

माझ्यासारख्या भगिनींना एवढंच सांगेन, की घर आणि शाळा यांची वजाबाकी करू नका. बदलीत बुडालेले धडे आणि आपली मायबोली यांच्यासाठी रोज एक तास घरी द्या. एक वही ठेवा. कुठल्या शाळेत कुठवर शिकवून झालं, ते तिच्यात लिहा आणि शाळा सोडल्याचा दाखला व गुणपत्रकांच्या प्रती तिच्यातच ठेवा. दहावीचं वर्ष जवळ आलं, तर मुलांना घेऊन एका जागी थांबण्याचा विचार करा. घरीच शिकवायची वेळ आली, तर जरूर शिकवा, त्यात कमीपणा नाही. पण आधी स्वतःला विचारा, की आपल्या घरात सध्या शिकवणं किती होईल आणि वाट पाहणं किती.

आणि मूल शाळेतून आलं की गृहपाठाआधी शेजारी कोण बसतं, ते विचारा. नाव सांगितलं, तर समजा शाळा बरोबर निवडली.