घरच्या लेथवरचा साचा
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. वितळलेल्या पदार्थाला आकार देण्याची विद्या तेव्हापासून या गावाच्या परिचयाची आहे. तरीही मे महिन्यात कूलरचे बटण तुटले, की येथील कितीतरी घरांत उघड्या दांडीला पकड लावून कूलर चालू केला जातो. एवढेसे बटण घरी ओतता येईल, हा विचार सहसा कोणाला शिवत नाही.

वस्तुतः प्लॅस्टिकच्या साचेकामाची सुरुवात एका मुद्रकाच्या खटाटोपातून झाली. बिलियर्डच्या हस्तिदंती चेंडूला पर्याय शोधणाऱ्या जॉन वेस्ली हायट या अमेरिकी मुद्रकाने व त्याच्या भावाने १८७२ मध्ये तापलेले सेल्युलॉइड दट्ट्याने दाबून काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. वितळलेला धातू साच्यात दाबून भरण्याची युक्ती छापखान्याचे खिळे ओतणाऱ्यांना त्याआधीच साधली होती. मुंबईत १८६७ साली जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनी पुढे याच ओतकामात आयुष्याची उमेदीची वर्षे घातली. लंडनमध्ये त्यांना दादाभाई नौरोजींचा आधार मिळाला, सर रतन टाटांचे द्रव्यसाह्य लाभले. ‘भिसोटाइप’ यंत्र सिद्ध झाले, पण त्यासाठी उभारलेली कंपनी टिकली नाही. ‘भारतीय एडिसन’ एवढ्या दोन शब्दांत त्यांची बोळवण करणे हा अन्यायच होय. खिळा केसभर आखूड झाला तरी तो कागदावर उमटत नाही, हे दुखणे त्यांनी जवळून पाहिले होते.

घरच्या कार्यशाळेतही दुखणे हेच असते. साधने फार लागत नाहीत: लहान लेथ, ड्रिल मशीन, ॲल्युमिनिअमचा तुकडा, विजेने तापणारे नळकांडे आणि त्यात बसणारा २० मि.मी. व्यासाचा दट्ट्या. तरफेने त्यावर ३०० किलो भार आणला, की दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ९५ किलो दाब पडतो. ट्रकच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या हा दहापटीहून अधिक! साच्याचे दोन्ही भाग बोल्टने आवळलेले नसतील, तर सुमारे २०० अंश तापमानाचा रस फटीतून अंगावर उडेल. म्हणून हे काम विद्यार्थ्यांनी मोठ्या माणसावाचून करावयाचे नाही. कच्चा माल म्हणून त्रिकोणात २ किंवा ५ हा आकडा असलेली झाकणे चालतात. नळाचा पीव्हीसी पाइप मात्र कदापि तापवू नये. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो. तो फुप्फुसांना घातक, आणि लेथवर गंज चढवतो तो वेगळाच.

पहिले बटण बहुधा अर्धवटच निघते. कोपऱ्यात हवा कोंडते, तिला बाहेर पडण्यास केसासारखी चीर ठेवावी लागते. दुसरे साच्याला चिकटून बसते, कारण भिंतींना एक-दोन अंशांचा उतार दिलेला नसतो. तिसरे देखणे निघते, परंतु दांडीवर चढत नाही. ६ मि.मी. दांडीसाठी साच्यात ६ मि.मी.चाच गाभा ठेवला, तर पॉलिप्रॉपिलिन निवताना शेकडा दीड-दोन भाग आकसते आणि भोक ५.९ मि.मी.चे उरते. वस्तू आकसली म्हणजे भोक रुंदावेल, असे हुशार विद्यार्थ्यांनाही वाटते, तेही आकसतेच.

पाठ्यपुस्तकात आकुंचनाची व्याख्या एका ओळीत संपते. पोलादाच्या ओतकामासाठी लाकडी नमुने घडवणारे कारागीर मात्र नेहमीच्या पट्टीपेक्षा शेकडा सुमारे दोन भाग लांब खुणांची पट्टी वापरत आले. अशा कामात हात मुरलेली कितीतरी माणसे निवृत्तीनंतर भिलाईच्याच सेक्टरांमध्ये राहतात. त्यांच्या नातवंडांनी त्या पट्टीविषयी त्यांना कधी विचारलेले नसते, आणि न विचारता सांगण्याची त्या पिढीला सवय नाही.

त्यांच्यापैकी कोणीही सांगू शकेल, की धातू कातून कमी करता येतो, पुन्हा वाढवता येत नाही. म्हणून जाणता कारागीर पहिल्या खेपेस बाहेरची पोकळी जराशी लहान आणि मधला गाभा जरासा जाड ठेवतो. बटण ओतून, पूर्ण निवू देऊन मोजतो. मग साचा पुन्हा लेथवर चढवतो.