रेफर चिठ्ठी

(उमरी येथे भरलेल्या नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील ग्रामीण डॉक्टरांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



उमरीचं नाव माझ्या पिढीनं शाळेत ऐकलं ते बँकेसाठी. जानेवारी १९४८ मध्ये निजामी राजवटीतल्या बँकेची इथली शाखा स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली आणि तो पैसा मुक्तिलढ्याला लावला. त्या गावात बोलायला मिळतंय, याचं मला अप्रूप आहे.

अध्यक्षांनी वर्षाचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. डेंग्यू, क्षयरोग, माता-बाल आरोग्य, रिक्त पदं असं सगळं मी लिहून आणलंय. ते कागद कार्यवाहांकडे देते, स्मरणिकेत छापतील. मला आज वेगळंच बोलायचंय. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली, निवृत्त होऊनही बराच काळ झाला, आणि ही गोष्ट पोटातच राहिली.

नोकरीत मी किती रेफर चिठ्ठ्या लिहिल्या, त्याचा हिशेब नाही. ‘पुढील उपचारासाठी रवाना’ एवढी एक ओळ, खाली सही, शिक्का. गरिबाची चिठ्ठी जिल्ह्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या नावानं. पुढाऱ्याला चिठ्ठी लागतच नसे. त्याच्या घरचं कुणी आजारी पडलं की गाडी दाराशी यायची आणि मीच हैदराबादला फोन लावून, पेशंट येतोय, बेड धरून ठेवा, असं सांगायचे. दोन्ही कामं एकाच हातानं केली. सरकारी दवाखान्याचं सगळं दुखणं या दोन वाटांत आहे, असं माझं ठाम मत आहे.

नांदेडच्या विष्णुपुरीत काय झालं, ते तुम्हाला मी सांगायला नको. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३, चोवीस तासांत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ माणसं गेली, त्यांत १२ नवजात बाळं. अठ्ठेचाळीस तासांत आकडा ३१ वर गेला आणि बाळांचा १६ वर. मंजूर खाटांच्या दुपटीनं रुग्ण तिथं होते. औषध खरेदीचा घोळ आधीपासून चालूच होता. बरेच रुग्ण शेवटच्या घटकेला आणले, असं सांगितलं गेलं. खरंही असेल. पण ते शेवटच्या घटकेला का आले, हे आपल्याला ठाऊक आहे. आधीच्या पायऱ्यांवर आपण होतो.

मग ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील आले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. ते चित्र सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. पुढे गुन्हा दाखल झाला, उच्च न्यायालयानं मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली. मला अजून राग आहे तो असा : शौचालय घाण होतं, मान्य. पण कुठल्याही पक्षाच्या मोठ्या माणसाची आई त्या वॉर्डात आठ दिवस झोपली असती, तर ते घाण राहिलं असतं का? पाहणीला येणारा माणूस दहा मिनिटांत परत जातो. खाटेवरच्या माणसाला रात्री दोनला त्याच शौचालयात जावं लागतं.

मे २०२० आठवा. आपले तेव्हाचे पालकमंत्री अशोक चव्हाण यांना नांदेडमध्ये असताना कोरोना झाला. ते तेव्हा सार्वजनिक बांधकाम मंत्रीही होते. त्यांना अँब्युलन्समधून रस्त्यानं मुंबईला नेलं, ब्रीच कँडीत दाखल केलं. ते बरे होऊन आले, चांगलं झालं. त्यांनी जीव वाचवायला नको होता, असं कुठला डॉक्टर म्हणेल? पण विष्णुपुरीच्या रुग्णालयावर त्यांच्या वडिलांचं नाव आहे. त्या दिवसांत तिथं रात्रंदिवस राबणाऱ्या पोरापोरींना, त्या निवासी डॉक्टरांना काय वाटलं असेल, हे मी एकीला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘मॅडम, आमच्यावर विश्वास नाही, असं स्वच्छ सांगितलं ना.’ याला उत्तर देणं मला तेव्हा जमलं नाही.

ते एकटे नव्हते. पुढे माहितीच्या अधिकारात यादी आली : कोरोनाच्या दोन वर्षांत राज्याच्या १८ मंत्र्यांच्या खासगी उपचारांचे सुमारे १ कोटी ४० लाख रुपये सरकारी तिजोरीतून दिले गेले. यादीत सर्वांत मोठी रक्कम आरोग्यमंत्र्यांच्या नावावर होती. नियमांत बसणारंच होतं सगळं. मला बोचतो तो नियमच.

उलट बाजूही सांगते, कारण ती खरी आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस कोरोना झाल्यावर मुंबईच्या सेंट जॉर्जेस या सरकारी रुग्णालयात दाखल झाले. मला कुणाचा प्रचार करायचा नाही. पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. त्याची रीत पडली नाही, ही खंत आहे.

काही आजार असे की इथं उपचार शक्यच नसतात. विलासराव देशमुखांना यकृताच्या दुखण्यासाठी चेन्नईला नेलं, १४ ऑगस्ट २०१२ ला ते तिथंच गेले. त्या वेळी लातूरच्या सरकारी रुग्णालयात ते उपचार झाले नसते, हे मीही सांगते. आपल्या शेजारच्या नायगावचे वसंतराव चव्हाण खासदार होऊन तीन महिनेही झाले नव्हते. २६ ऑगस्ट २०२४ ला हैदराबादला त्यांचं निधन झालं. नायगावपासून उमरीपर्यंत लोक रडले. अशा माणसाला नि घरच्यांना मी बोल लावणार नाही. मला विचारायचं आहे ते वेगळं. इतक्या मोठ्या नेत्यांचा हा भाग, मुख्यमंत्री दिले, केंद्रीय गृहमंत्री दिले, आणि जिवावर बेतलं की गाडीचं तोंड अजून हैदराबादकडेच का वळतं?

आता एक जुनी गोष्ट. साल आणि गाव सांगत नाही. पावसाळा होता, दोन दिवस झड लागलेली. तिथल्या एका वजनदार पुढाऱ्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नाव शहरातल्या खासगी दवाखान्यात नोंदवलेलं. रात्री कळा सुरू झाल्या, ओढ्याला पूर, पूल पाण्याखाली. साडेअकराला जीप माझ्या दवाखान्याच्या आवारात आली.

लाइट नव्हती. जनरेटर होता, डिझेल नव्हतं. बाळंतपणाच्या टेबलाचा एक पाय विटेवर टेकवलेला. सिस्टरनं कंदील धरला, मावशीनं बॅटरी. पाणी बाहेरच्या हौदातून घागरीनं आणलं. बाळ नीट झालं, रडलं. आणि मग रक्त थांबेना. फ्रीज कित्येक दिवस बंद, त्यातल्या इंजेक्शनांचा भरवसा नाही. रक्तपेढी पुराच्या पलीकडे. मी दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून धरलं, चाळीस मिनिटं. हाताला मुंग्या आल्या तेव्हा सिस्टरनं तिचा हात माझ्या हातावर ठेवून दाबलं. पहाटे रक्त थांबलं.

तो पुढारी रात्रभर व्हरांड्यातल्या बाकड्यावर होता, जिथं सगळ्यांचे बाप बसतात तिथंच. सकाळी म्हणाला, ‘डॉक्टरबाई, इथं रोज असंच असतं का?’ मी म्हटलं, ‘लाइट रोज जात नाही. बाकी रोज असंच.’

आठव्या दिवशी नवं टेबल आलं. डिझेल आलं. फ्रीज दुरुस्त झाला, आवारात बोअर घेतलं, स्त्रीरोगतज्ज्ञाची रिकामी जागा भरली. यातल्या प्रत्येक वस्तूसाठी मी सहा वर्षं अर्ज करत होते, जावक क्रमांकासकट प्रती माझ्याकडे होत्या. पुढची दोन वर्षं त्या खोलीत रक्तस्रावानं एकही बाई दगावली नाही. मग ओढ्यावर उंच पूल झाला. लेकीचं दुसरं बाळंतपण हैदराबादला झालं. त्या वर्षी डिझेलचा पैसा पुन्हा थांबला आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची बदली झाली.

कंदील म्हटलं की मला ससून आठवतं. १२ जानेवारी १९२४ ला पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींच्या अपेंडिक्सचं ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ते पुरं झालं. गांधीजी कैदी होते, म्हणून सरकारी खाटेवर. पण देशातला सर्वांत मोठा माणूस त्या खाटेवर होता, एवढं खरं. आपल्याकडचा पुढारी पूर आला तेव्हाच तिथं पोचला.

हे फक्त आपलंच नाही. नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष बुहारी २०१७ मध्ये कित्येक महिने लंडनला उपचार घेत होते आणि त्याच वर्षी त्यांच्या पत्नीनं जाहीर सांगितलं की राष्ट्राध्यक्ष निवासाच्या दवाखान्यात साधी सिरिंज मिळत नाही. २०२५ मध्ये ते लंडनलाच वारले. झिंबाब्वेचे मुगाबे २०१९ मध्ये सिंगापूरला वारले.

सकाळच्या सत्रात दोन वाद रंगले. माझे तरुण सहकारी म्हणाले, आता सरकारची आरोग्य योजना आहे, तिचं कार्ड आहे, सरकारी की खासगी हा प्रश्नच जुना झाला. योजनेला मी नावं ठेवणार नाही. २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं, तेव्हा ती राजीव गांधींच्या नावानं होती, आता महात्मा फुल्यांच्या. तिनं कित्येक घरं कर्जातून वाचवली. पण मण्यार चावलेला एक सालगडी मला विसरता येत नाही. रात्री अंगणात झोपलेला. आणला तेव्हा पापण्या मिटत चाललेल्या, श्वास उथळ. व्हेंटिलेटर पन्नास किलोमीटरवर. त्याचा पुतण्या जीपमध्ये अँब्यू बॅग दाबत गेला, मी समोर बसून मोजत होते. रेल्वे फाटकाशी गाडी थांबली आणि तिथंच संपलं सगळं. कार्ड त्याच्या खिशात होतं, पॉलिथिनमध्ये नीट गुंडाळलेलं. कार्ड पैसे देतं, पण आधी तिथवर पोचावं लागतं. आणि जवळचा दवाखाना धड करायचं काम कुठलंही कार्ड करत नाही.

दुसरा वाद सक्तीचा. कायदा करा, लोकप्रतिनिधींना सरकारी दवाखाना बंधनकारक करा, असं एक सहकारी तळमळीनं म्हणाले. भावना माझीही तीच. पण ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशात सरकारी पगार घेणाऱ्यांची आणि लोकप्रतिनिधींची मुलं सरकारी प्राथमिक शाळेत घालायचा आदेश दिला होता. त्यानंतर कुठल्या मंत्र्याचं पोर त्या पटावर आलं, असं माझ्या वाचनात नाही. हुकमानं माणूस खाटेवर झोपत नाही, पळवाट शोधतो.

आणि खरं सांगायचं तर इथं मला माझ्याकडेच यावं लागतं. निवृत्तीला दोन वर्षं होती. पहाटे माझ्या यजमानांच्या छातीत दुखायला लागलं. घाम, डाव्या हाताला कळ, निदानाला डॉक्टर लागत नव्हता. मी गाडीत घातलं, ॲस्पिरीन दिली आणि हैदराबादच्या रस्त्याला लागले. वाटेत माझाच दवाखाना होता. फाटकावर माझ्या नावाची पाटी होती. तिथं ईसीजी होता, रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कपाटात होतं, मीच इंडेंट भरून मागवलेलं. पहिल्या तासात ते दिलं तर काय होतं, हे मी इतरांना शिकवत आले होते. मी गाडी थांबवली नाही. का, तर रात्रपाळीला कोण आहे, मॉनिटर चालू आहे का, मला खात्री नव्हती. स्वतःच्या दवाखान्याची मलाच खात्री नव्हती. ते वाचले. पण हृदयाचा बराच भाग निकामी झाला, आजही जिना चढताना थांबावं लागतं. तो जिना चढताना मी मागे उभी असते.

म्हणून पुढाऱ्यांना बोलते तेव्हा बोट माझ्याकडेही आहे. आपल्यापैकी किती जणांनी स्वतःच्या आईला आपल्या ग्रामीण रुग्णालयात दाखल केलं? हात वर करा म्हणत नाही. केंद्राच्या २०१७ च्या आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर व्हावा असं म्हटलं होतं. आपण तिथं पोचलो नाही. पैसा मागायलाच हवा आणि भांडून मागायला हवा. पण मागणारा स्वतः त्या खाटेवर झोपणारा नसला, तर त्याच्या आवाजाला धार येत नाही. माझ्या सहा वर्षांच्या अर्जांपेक्षा एका रात्रीचं बाकडं जड ठरलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

काय करायचं, ते नीट बसून ठरवावं लागेल. माझ्या मनात एक नोंद आहे : आपल्या दोन्ही जिल्ह्यांतले आमदार, खासदार, जिल्हा परिषद सदस्य, मोठे अधिकारी आणि आपण डॉक्टर, शेवटचा उपचार कुठं घेतला. आजार लिहायचा नाही, तो ज्याचा त्याचा. फक्त दवाखाना सरकारी की खासगी, आणि सरकारी नसेल तर इथं काय कमी होतं. आमदारांनी आपणहून सांगितलं तर उत्तम. त्यांना विचारायला कोण जाणार, आणि हे वर्षातून एकदा की सहा महिन्यांनी, ते पुढच्या बैठकीत बघू. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांच्या रिकाम्या जागांचंही त्यात काही करता येईल, असं वाटतं.

दुपारी सर्पदंशावर सत्र आहे, ते कुणी चुकवू नका. जेवायला जाताना दाराजवळच्या टेबलावर लांब पाठकोऱ्या कागदांची एक वही दिसेल. पहिली ओळ मी भरलीय. नाव माझं. रुग्ण : यजमान. दवाखाना : खासगी, हैदराबाद. काय कमी होतं, त्या रकान्यात मी लिहिलंय, ‘रात्रपाळीचा डॉक्टर आणि माझा विश्वास’. खालच्या ओळी रिकाम्या आहेत. पेन दोऱ्यानं बांधून ठेवलंय.