हात पोचत नाही तिथला निपल

मी फौजेतून निवृत्त झालेला अधिकारी. सध्या मुक्काम नोएडाला. नोकरीतली बरीच वर्षं गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये गेली, म्हणून आज जुन्या ट्रकच्या दुरुस्तीवर बोलणार आहे. लातूर असो, बेळगाव असो की इंदूर, ज्याच्याकडे जुना ट्रक आहे त्याने हे ऐकावं.

दिल्ली परिसरात १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्या चालवायला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली मनाई केली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. मग अशा गाड्या ना-हरकत दाखला घेऊन दुसऱ्या राज्यांत जातात. विकण्याआधी त्यांना नवा रंग मिळतो, नवी ताडपत्री मिळते. खाली वाकून मात्र फारसं कोणी पाहत नाही.

माझा अनुभव असा, की हात सहज पोचत नाही तिथेच जुनी गाडी आधी झिजते. त्या जागेचा काही दोष नसतो. दर सर्व्हिसिंगला ती जागा टाळली जाते, एवढंच.

प्रोपेलर शाफ्टचं उदाहरण घ्या. गिअरबॉक्सकडून मागच्या अॅक्सलकडे जाणारा हा लांब शाफ्ट. त्याच्या टोकांना क्रॉस असतो आणि क्रॉसला ग्रीस निपल. गाडी उभी राहिली की कधी तो निपल वर, चासीच्या बाजूला तोंड करून बसतो. ग्रीस गन तिथे लागत नाही. मेकॅनिक समोरचे चार निपल भरतो, तो सोडतो. बिलावर लिहिलेलं असतं, ‘ग्रीसिंग झाले’.

कोरड्या क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसते. गिअर टाकताना ‘टक्’ असा आवाज येतो. पुढे थरथर सुरू होते. तरीही दुर्लक्ष केलं तर एक दिवस शाफ्ट सुटतो. पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं, तर भरलेला ट्रक कुठे जाईल ते ड्रायव्हरच्या हातात राहत नाही.

आता उपाय. निपल वर असेल तर गनशी झटापट करू नका. आधी सगळ्यांनी गाडीखालून बाहेर यायचं, मग गाडी वीतभर पुढे घ्यायची. चाकाच्या एका फेऱ्यात ट्रकचा शाफ्ट साधारण सहा फेरे फिरतो, त्यामुळे एवढ्यानेच वरचा निपल खाली येतो. मग हँडब्रेक ओढा, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा आणि तेव्हाच पुन्हा खाली जा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. खाली पक्के स्टँड हवेत.

निपल आधी फडक्याने पुसा, नाहीतर माती आत जाईल. चारही टोप्यांतून नवं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत गन मारा. तीन टोप्यांतून आलं आणि चौथीतून नाही, तर समजा की चौथं बेअरिंग कोरडं आहे. क्रॉस खोलायला सांगा.

बाकीच्या अवघड जागांनाही हेच लागू. आडवा येणारा भाग आधी काढा, जागा करा, मग पाना लावा. गिअरबॉक्सचे वरचे बोल्ट खालून चाचपडत बसण्यापेक्षा केबिनमधला फरशीचा पत्रा उघडणं कधीही बरं. गंजलेल्या नटाला आदल्या रात्री तेल सोडा. दिसत नसेल तिथे मोबाईलचा कॅमेरा घाला.

फौजेत ड्रायव्हर रोज गाडीचा एकेक ठरलेला भाग तपासतो. त्याला आम्ही टास्क सिस्टिम म्हणायचो. जबलपूरचे शक्तिमान ट्रक इतकी वर्षं पळाले, त्यात या शिस्तीचा वाटा मोठा. वार ठरलेला असला की अवघड जागेचीही पाळी येतेच.

मालकांना एक विनंती. दिल्लीच्या मे महिन्यात तापलेल्या जमिनीवर पाठ टेकून काम करणाऱ्या पोराला ठोक मजुरी दिलीत, तर तो सोपं तेवढंच करेल. अवघड निपलाचे पैसे वेगळे द्या, आणि काम झाल्यावर स्वतः टॉर्च घेऊन बघा.

जुना ट्रक घेतानाही तसंच करा. रंग पाहू नका. सर्वांत आडबाजूचा निपल शोधा, त्यावर बोट फिरवा. बोटाला ताजं ग्रीस लागलं, तर गाडी सांभाळलेली आहे. कोरडी माती लागली, तर नवे क्रॉस आणि मजुरी धरूनच किमतीचं बोला, आणि ते बदलल्याशिवाय माल भरू नका.